न तुटणारा फीडर

आईवडिलांचं सोडून बोलायचं तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार डॉ. कुमुद आठल्ये यांचे आहेत. मी त्यांना कुमुदकाकू म्हणत असे. त्या नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहत. भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी तिथून अर्ध्या तासावरच्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं एम.एस. करायला आलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. त्या वर्षी मराठी मंडळानं नव्या विद्यार्थ्यांना एकेक कुटुंब नेमून दिलं होतं. सणावाराला तिथे जेवायला जायचं आणि अडीनडीला त्यांना फोन करायचा. माझ्या नावासमोर आठल्ये आलं. पहिल्या रविवारी काकू स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आल्या, आणि पुढची दोन वर्षं एखाददुसरा रविवार सोडला तर मी त्यांच्याच टेबलावर जेवलो.

त्या पहिल्याच जेवणाला काकांनी मला वडील काय करतात असं विचारलं. काका म्हणजे श्रीधर आठल्ये, पुण्याचे, पुलांचे इंजिनिअर. त्यांना प्रश्न विचारायची सवय होती आणि उत्तर ऐकायची फारशी नव्हती. मी म्हणालो, वडिलांचं कापडाचं दुकान आहे. खरं म्हणजे आम्ही भोई. वडील उजनीच्या पाण्यावर जाळं टाकत आणि आई भिगवणच्या बाजारात पाटी घेऊन बसे. पुण्याला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात माझी पत्र्याची पेटी उघडली की पोरं नाक धरत, पंखा लावत आणि हसत. त्या पेटीत कधी मासा नव्हता, पण वास होता हे खरं. दुसऱ्या वर्षी खोली बदलली तेव्हा नव्या पोरांना मी कापडाचं दुकान सांगितलं. ते इतकं सोपं गेलं की पुढे तेच सांगत राहिलो. अमेरिकेला येताना बॅगेत इतर सामानाबरोबर तेही आलं.

आठल्यांचं घर मोठं नव्हतं, पण त्यात माणसाला आपण पाहुणे आहोत असं वाटायला वेळच मिळत नसे. दार उघडलं की काकू हातात काहीतरी द्यायच्या, सोलायचा लसूण नाहीतर चाळायचं पीठ. मागच्या अंगणात त्यांनी अळू लावलं होतं. तिथल्या दमट उन्हाळ्यात ते कमरेएवढं वाढे, आणि आमच्या अळूवड्या फ्रीझरमध्ये थरावर थर रचलेल्या असत. फ्रीजमधलं बर्फाचं मशीन मधूनच धाडकन बर्फ टाकी. तो आवाज आला की काका हटकून म्हणत, "कोण आलं बघ रे." शेजारचा माणूस पानं उडवायचं यंत्र घेऊन तासन् तास फिरे. गराजचं दार करकरलं की समजायचं, काकू मासेमारीचं सामान काढताहेत.

काकूंचा तो छंद ऐकून पहिल्या दिवशी मी ताटाकडेच बघत राहिलो. लग्नानंतर लगेच त्या इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीच्या काठच्या एका इस्पितळात नोकरीला होत्या. तिथे आर्थर नावाचा एक वॉर्डबॉय सुट्टीच्या दिवशी त्यांना नदीवर नेई. गळ टाकायचा, मासा ओढायचा, वजन करायचं, आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. सोडून द्यायचा! माझ्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरीणबाईंसाठी अंगारा धाडला असता. काकू शाकाहारी, काका शाकाहारी, आणि तरी दर शनिवारी नूस नदीवर जाऊन कार्प नावाचे मोठाले मासे पकडायचे. काका खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत आणि टोमणे मारत. माशांच्या चाऱ्यात काकू पावाचा चुरा, मक्याचे दाणे, गुळाचं पाणी आणि जुनी झालेली थालीपीठाची भाजणी घालत. "चाळीस वर्षांचा संसार," काका म्हणत, "मला सकाळी टोस्ट आणि माशांना भाजणी."

हा चारा पाण्यात पोचवायला जी वस्तू लागते ती फीडर. तारेची किंवा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकची छोटी डबी, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, तिच्या एका बाजूला शिशाचं वजन. दोऱ्याच्या टोकाला गळ असतो आणि गळाच्या हातभर अलीकडे हा फीडर लोंबतो. डबीत चारा दाबून भरायचा, फेकायचा, शिशामुळे तो तळाशी जाऊन बसतो, चारा हळूहळू सुटतो, वासानं मासा येतो आणि शेजारचा गळ गिळतो. चारा दाबायलाही अंदाज लागतो. रव्याच्या लाडवासारखा हातात टिकला पाहिजे आणि पाण्यात फुटला पाहिजे. मला ते पहिल्या खेपेलाच जमलं. काकू म्हणाल्या, हात चांगला आहे. मी मान खाली घातली.

संथ तळ्यात कुठलाही फीडर चालतो. नूससारख्या दगडधोंड्यांच्या, बुडालेल्या ओंडक्यांच्या नदीत एका मोसमात डझनभर मोडतात. काकू मोडलेला एकही टाकून देत नसत. इस्पितळातून निघताना आणलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये ते सगळे ओळीनं मांडलेले असत. काही तारेचे होते, ज्यांचं शिसं नुसतं पत्र्याचे दोन कान दुमडून बसवलेलं. दगडावर चारदा आपटलं की कान उघडायचे आणि शिसं नदीत राहायचं. काही प्लॅस्टिकचे, उन्हात पांढुरके पडून थंडीत तडकलेले. काहींची डबी शाबूत, पण वरची कडी झिजून गेलेली. काकू म्हणत, "कसा मोडला ते विचारू नकोस, कुठे मोडला ते बघ." इतक्या वर्षांनी सांगतो, फीडर घेताना मी अजूनही हेच करतो. शिसं नुसतं अडकवलेलं आहे की प्लॅस्टिकमध्येच ओतलेलं, डबीच्या आरपार एक सलग तार गेली आहे की वर वेगळी कडी चिकटवली आहे, दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरकी पितळी आहे की कसली, हे पाहतो. रंग बघायचा नाही. मी आता शुगर लँडला राहतो, ब्रॅझोस नदीवर जातो, आणि माझ्याकडेही तसा एक मोडक्यांचा ट्रे जमला आहे. मुलगी विचारते, "बाबा, व्हाय डू यू कीप ब्रोकन स्टफ?" मी तिला उत्तर देतो, पण ती तोवर निघून गेलेली असते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गावाहून वडिलांचा फोन आला. मे महिन्यात माझा पदवीदान समारंभ होता. आमच्या तालुक्यातल्या कुणाचा तरी मुलगा अमेरिकेत शिकला होता, त्याचे आईबाप त्या समारंभाला जाऊन आले होते, आणि त्यांचा झगा-टोपीतला फोटो वडिलांनी पाहिला होता. वडील फोनवर आधी पाण्याची पातळी, मग म्हशीचं आजारपण असं करत करत म्हणाले, "मग आमी यायचं का न्हाई?" मी म्हणालो, व्हिसा मिळणं फार अवघड झालंय, आणि विद्यापीठ फार लोकांना आत घेत नाही. ते म्हणाले, "आसंल बाबा. तुला ठावं." आईनं फोन घेतलाच नाही. इकडे काकू दर महिन्याला विचारत, आईवडील कधी येणार, वरची खोली रिकामीच आहे, व्हिसाचे कागद मी बघते. त्यांना मी सांगत असे की दुकान सोडून वडिलांना निघता येत नाही. गावाला व्हिसा नडत होता आणि मॉरिसव्हिलला दुकान. दोन्ही ठिकाणी मीच उभा होतो. आईवडील आले असते तर आठल्यांच्या टेबलावर बसून वडिलांनी पहिल्या पाच मिनिटांत पाण्याचं आणि जाळ्याचं बोलायला सुरुवात केली असती. मला त्या पाच मिनिटांची भीती होती.

त्या सप्टेंबरमध्ये काकूंनी नवे फीडर घ्यायचं काढलं आणि निवड माझ्यावर सोपवली. "तू मटेरियल्स शिकतोस, तू ठरव." मला इतका आनंद झाला की मी ते काम प्रबंधासारखं केलं. सात प्रकार मागवले. लॅबच्या टेक्निशियनला विचारून ते ओढून तोडायच्या मशीनवर लावले, बर्फात ठेवून आपटले, पाण्यात भिजवून पुन्हा ओढले. कोण कुठे तुटलं याचं टेबल केलं. पहिला नंबर आला तो शिसं ओतलेल्या, आरपार स्टीलची तार असलेल्या फीडरचा. तो तुटेचना. मात्र एक गोष्ट मला खटकली. काकू फीडर मुख्य दोऱ्याला थेट बांधत नसत, मध्ये वीतभर वेगळा, अगदी बारीक दोरा ठेवत. मशीनवर अख्खी जोडणी लावली की दर वेळी तोच बारीक दोरा पहिल्यांदा तुटे. मला वाटलं, डोळ्यांना दिसत नसेल, हाताला लागेल तो दोरा घेत असतील. मी तो काढून टाकला आणि सगळ्या फीडरना जाड विणलेला दोरा आणि पोलादी क्लिप लावून दिली. टेबलाची प्रत काढून काकूंना दिली. त्यांनी ती फ्रीजवर लावली. पुढच्या आठवड्यात नदीवर काठीला जोडणी मीच लावून दिली, आणि त्यांनी ती तपासून पाहिलीच नाही. माझ्यावर सोपवलं होतं ना.

ऑक्टोबरातला शनिवार होता. पाणी बऱ्यापैकी होतं, कडेला पिवळी पानं साचलेली. काकू फेकण्याआधी नेहमी मोठ्यानं म्हणत, दोरा, गाठ, वजन, गळ, जाळं. माणसाला भूल देण्याआधीची सवय त्यांनी नदीवर आणली होती. त्या दिवशीही म्हणाल्या. तासाभरानं गळाची काठी वाकली. मासा मोठा होता, इतका की काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग एकाएकी काठी थरथरायची थांबली आणि नुसती ताठ राहिली. काकूंनी एका बाजूनं ओढलं, दुसऱ्या बाजूनं ओढलं. फीडर बुडालेल्या ओंडक्याच्या फांद्यांत जाऊन अडकला होता. मासा अजून गळाला होता. नदीच्या मध्याला, पाण्याच्या वरच्या थरात, तो पिवळसर पाठ दाखवत हातभर दोऱ्यावर गोल गोल फिरत होता, दावणीला बांधलेल्या जनावरासारखा.

काकू म्हणाल्या, काही नाही, आता जोरात ओढलं की मधला दोरा तुटेल, फीडर राहील आणि मासा येईल. त्यांनी ओढलं. दोरा तुटला नाही. पुन्हा ओढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतला दुसरा फीडर काढून त्याची क्लिप बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपली. मग काठी काकांच्या हातात दिली आणि खाली बसून बुटाचे बंद सोडायला लागल्या.

"कुमुद, वेडी आहेस का," काका म्हणाले. "एकाहत्तर वर्षं वय आहे."

"त्याला असा बांधून ठेवून मी घरी जाणार नाही."

काका म्हणाले, मग इथूनच दोरा कापू. काकू म्हणाल्या, तो तसाच ओंडक्याला बांधलेला राहील आणि दोन दिवस लागतील मरायला. मी शर्ट काढला. काकूंच्या गळ्यात बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री दोरीनं अडकवलेली असे, ती मागून घेतली आणि काठाकाठानं वरच्या अंगाला चालायला लागलो. काकू मागून हाक मारत होत्या की मासा इकडे आहे, तू उलटा कुठे चाललास. मी पन्नासएक पावलं वर जाऊन पाण्यात उतरलो. ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं, छातीवर मारलं, आणि प्रवाहानं मला खाली आणू दिलं. ओंडक्याशी पोचल्यावर फांदी धरली. अशा जागी डोकं खाली घालायचं नसतं, फांद्यांत अडकलेला माणूस वर येत नाही. पाय आधी सोडायचे आणि तळव्यांनी बघायचं. डाव्या पायाला तार लागली. मग श्वास घेऊन खाली गेलो, एका हातानं फांदी धरून दुसऱ्यानं जाड दोरा कापला. तो कापायलाही चार वेळा कात्री चालवावी लागली. वर आलो तेव्हा काठी पुन्हा काकूंच्या हातात होती, वाकलेली, आणि त्या मागे मागे सरकत माशाला काठाकडे आणत होत्या.

मासा थकून आडवा झाला होता. काकूंनी गळ काढला, त्याला दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरलं आणि गुडघाभर पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. कल्ले हलत नव्हते, मग हलले, मग नीट हलले. पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग शेपटीचा एक फटका काकूंच्या तोंडावर पाणी उडवून गेला. काका मला टॉवेल देत म्हणाले, "तुझ्या टेबलातला पहिला नंबर अजून खालीच आहे हो. मजबूत म्हणजे मजबूत." कुणी हसलं नाही, तेही नाहीत.

परतताना काका मागच्या सीटवर झोपले. काकू गाडी चालवत होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तो दोरा मी मुद्दाम बारीक ठेवते. काहीतरी तुटायचंच असतं, तर मासा सुटेल असं तुटावं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीही तपासलं नाही. ती माझी चूक." घराच्या वळणाशी सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं.

"दत्ता, पायांनी तळ बघायला तुला कुणी शिकवलं?"

"आमच्याकडे सगळ्यांनाच पोहता येतं, काकू."

"पोहण्याचं नाही विचारलं मी."

सिग्नल हिरवा झाला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घरी गेल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करायला लावली, काकांचा सदरा दिला, मुगाची खिचडी वाढली. जेवताना नेहमीप्रमाणे आईवडिलांचं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी त्या दिवशी ते विचारलंच नाही, आणि तेच मला सोसलं नाही. सोमवारी वर्ग संपल्यावर मी ग्रंथालयात बसलो आणि वीस मैलांवरच्या माणसाला पत्र लिहिलं. फोन होता, ईमेल होती. पण समोर किंवा फोनवर मी मध्येच काहीतरी वेगळंच बोलून गेलो असतो. काकू गेल्यानंतर त्यांच्या कागदांत ते पत्र निघालं आणि त्यांच्या मुलानं मला पाठवून दिलं, म्हणून ते जसंच्या तसं देता येतं.

तीर्थस्वरूप कुमुदकाकूंना दत्ताचा नमस्कार.

शनिवारी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर लिहितो आहे. पायांनी तळ बघायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. जाळं खाली अडकलं की ते तसेच उतरतात. मी आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर उतरलो आहे.

आमचं कापडाचं दुकान नाही. कधीच नव्हतं. वडील मासेमारी करतात आणि आई बाजारात मासे विकते. मी तुम्हाला आणि काकांना पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं आणि नंतर ते सुधारायची हिंमत झाली नाही. तुमच्या घरी मला कुणी कमी लेखलं असतं असं मला वाटत नाही. तरीही सांगितलं, याचं कारण मला नीट सांगता येत नाही.

अजून एक सांगायचं आहे, ते जास्त वाईट आहे. तुम्ही म्हणालात, विचारलं असतंस तर सांगितलं असतं. काकू, मला विचारायची गरज नव्हती. वडील जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी बांधतात ते जुन्या, कुजत आलेल्या सुतानं बांधतात. मणी दगडात अडकला तर सूत तुटावं आणि जाळं वाचावं म्हणून. मी स्वतः ते शेकडो मणी बांधले आहेत. तुमचा बारीक दोरा मशीनवर तुटताना पाहिला तेव्हा मला ते आठवलं होतं. आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण ते टेबलात लिहिण्यासारखं मला वाटलं नाही.

वडिलांनी मला विचारलं होतं की आम्ही समारंभाला यायचं का. मी त्यांना व्हिसा मिळत नाही असं सांगितलं. तेही खोटं होतं. आम्ही अर्जच केलेला नाही. तुम्ही वरच्या खोलीचं म्हणाला होतात. हे वाचल्यावरही ती देता येत असेल तर ते दोघं मे महिन्यात तीन आठवडे तुमच्याकडे राहू शकतील का, ते कळवावं. आई कुणाच्या घरी हातावर हात ठेवून बसत नाही, ती भांडी घासायला घेईल. वडील कमी बोलतात, पण पाण्याचं निघालं तर थांबत नाहीत. तुम्ही मासे सोडून देता हे मी त्यांना आधी सांगून ठेवीन.

त्यांना मी अजून फोन केलेला नाही. आधी तुम्हाला लिहितो आहे, कारण ते तुमच्या दारात उभे असताना त्यांची ओळख करून द्यायला मी असेन, आणि तेव्हा मला जे खरं आहे तेच म्हणायचं आहे. नाही म्हणालात तर मी इथे जवळपास खोली बघीन. पण त्यांना बोलावणार आहे.

आपला,
दत्तात्रय किसन नगरे